भावाला कळंबा रोडच्या आयटीआयला टाकावं का? आणि वहिनीसाठीपण काहीतरी सुचवा

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण घरात सध्या रोज ह्याच्यावरनंच विषय चाललाय म्हणून म्हटलं इथं विचारावं, इथं एमआयडीसीतली बरीच माणसं आहेत.

धाकटा भाऊ दहावी झाला, ५८ टक्के. पुस्तकात मन रमत नाही पण हात चांगला आहे त्याचा. गल्लीतले मिक्सर, पंखे, उसाच्या पाण्याच्या मोटरचे स्टार्टर, सगळं उघडतो आणि नुसतं उघडत नाही, चालू करून देतो. परवा आमच्या विहिरीवरची मोटर सारखी ट्रिप होत होती, वायरमन यायला दोन दिवस लागणार होते, ह्यानं स्टार्टर उघडून काँटॅक्ट काळे पडलेत म्हणून दाखवलं आणि बदलून पण घेतले. त्याला आयटीआयला वीजतंत्री करायचंय. वडलांचं म्हणणं, डिप्लोमाच करायचा, सरकारी नाही मिळाला तर प्रायव्हेट, फी भरूया, सोसायटीतनं उचलतो म्हणतात. आयटीआय म्हटलं की त्यांचं एकच, ते नापासांचं ठिकाण. पाहुण्यांत काय सांगायचं, हा पण एक मुद्दा आहेच त्यांचा, उघड बोलत नाहीत एवढंच.

दुसरं म्हणजे मोठी वहिनी. बारावी झालेली, वय ३१, दोन लहान पोरं. भावाचा फॉर्म कुठं भरायचा ते मी मोबाईलवर बघत होतो तर मागनं येऊन विचारलं, "भाऊजी, तिथं वयाची अट असती का हो?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांना शिवण येतं, ब्लाऊज शिवतात गावातल्या बायकांचे, पण घरगुती मशीनवर आणि जमेल तसं. त्यांना नीट शिकून काहीतरी उभं करायचंय.

तर आयटीआय करून खरंच काम मिळतं का, पुढं शिकायचं दार बंद होतं का, वहिनींसाठी आपल्या जिल्ह्यात काय आहे, आणि प्रवेशाचं काय काय बघायचं. आम्ही राधानगरी रोडला राहतो, एसटीनं रंकाळा स्टँडपर्यंत रोजचं येणंजाणं जमण्यासारखं आहे.

शिरोलीवाला

भावा, पहिलं म्हणजे त्या पोराचा स्टार्टरचा किस्सा वाचून बरं वाटलं. त्याला डिप्लोमाच्या गणितात अडकवून त्याचा हात मारू नका एवढंच सांगतो, आता सविस्तर.

मी शिरोलीला मशीन शॉपला आहे, नवीन पोरं घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे. आमच्याकडं मुलाखत म्हणजे खुर्चीत बसून प्रश्न नसतात. टेबलावर एक कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग ठेवतो, शेजारी ड्रॉइंग आणि बारीक माप घ्यायचं व्हर्नियर, आणि म्हणतो हा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, किती आहे सांग. बस्स. ज्यानं वर्कशॉपमध्ये खरंच हात काळे केलेत ते पोरगं आधी व्हर्नियर बंद करून झिरो बघतं, मग कास्टिंग पुसतं, मग बोअर एकदा आडवा मोजतं एकदा उभा मोजतं कारण बोअर ओव्हल असू शकतो हे त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. आणि ज्याचं सगळं कागदावरच झालंय ते पोरगं व्हर्नियर घातलं की लगेच आकडा सांगून मोकळं. पाच मिनिटात कळतं. डिप्लोमावाली पण असतात ह्यात, इंजिनिअर पण असतात, मी कुणाला कमी लेखत नाही, पण चांगल्या आयटीआयची चांगली पोरं इथं मागं पडत नाहीत हे मी रोज बघतोय.

आता काम मिळतं का. आपलं कोल्हापूर म्हणजे फौंड्रीचं, लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यांचं गाव, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, तिकडं कागल हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसी. ट्रॅक्टरची, ट्रकची, पंपाची कास्टिंग इथनं जातात. ह्या सगळ्यांना सीएनसी, व्हीएमसी असल्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे ऑपरेटर, सेटर, मेंटेनन्सचे फिटर आणि वीजतंत्री कायम लागतात. त्यातनं वीजतंत्री जास्तच, कारण इंडक्शन फर्नेस म्हणजे सगळा खेळ विजेचा आणि थंड पाण्याचा आहे, आत चौदाशे पंधराशे अंशाचं लोखंड असतं आणि पॅनेलला रात्री दोन वाजता प्रॉब्लेम आला तर ते पातळ लोखंड तुमची वाट बघत थांबत नाही, आतच गोठायला लागलं तर किती नुकसान होतं ते मालकाला विचारा. अशा वेळी डोकं शांत ठेवून पॅनेल वाचणारा माणूस ज्या कंपनीकडं आहे ती त्याला सहजासहजी सोडत नाही. तुझा भाऊ काँटॅक्ट काळे पडलेत हे स्वतःच्या डोळ्यानं शोधतोय, तो ह्याच वाटेवर आहे.

आणखी एक, फौंड्रीमन नावाचा ट्रेड आहे आयटीआयला, एक वर्षाचा. एवढ्या फौंड्र्या आपल्या उशाला आणि आपलीच पोरं त्याच्याकडं बघत नाहीत, सगळ्यांना वीजतंत्री नाहीतर फिटर पाहिजे. मोल्डिंग सँड, कोअर, गेटिंग ह्याचं शिक्षण घेतलेला माणूस मिळत नाही म्हणून सगळेच रडतात. तुझ्या भावाला नको, त्याची आवड वेगळी आहे, पण इथं दुसरं कोण वाचत असेल तर विचार करा.

पुढचं दार बंद होत नाही. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हे वडलांना सांग. म्हणजे त्यांचा डिप्लोमा पण होतो आणि पोराच्या हातात आधी कला येते.

निवृत्त_निदेशक

नमस्कार. मी सरकारी आयटीआयमध्ये निदेशक, म्हणजे शिकवणारा होतो, कुठल्या गावी ते महत्त्वाचं नाही, आता निवृत्त आहे. शिरोलीवाल्यांनी जे सांगितलं ते योग्यच आहे, मी जरा आतली बाजू सांगतो कारण पालकांना आयटीआयमध्ये दिवसभर काय चालतं हे बहुतेक वेळा माहीतच नसतं.

ही योजना, म्हणजे शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना, देशात १९५० साली सुरू झाली. सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तास असतात आणि त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे. बाकीचे थिअरी आणि रोजगारक्षमता कौशल्यं. शिवाय दरवर्षी १५० तास प्रत्यक्ष कारखान्यात नाहीतर ग्रुप प्रोजेक्टवर. म्हणजे दहातले सात तास मूल वर्कशॉपमध्ये उभं असतं. वडलांना हा हिशोब सांगा. कुठल्याही डिप्लोमाच्या टाइमटेबलशेजारी ठेवून बघू द्या.

फिटरच्या मुलांना आम्ही पहिले कित्येक दिवस फक्त फायलिंग करायला लावायचो. एक माइल्ड स्टीलचा तुकडा, व्हाइसमध्ये पकडायचा, कानस चालवायची. मुलं वैतागतात. मग ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावून तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरायचा, पातं आणि तुकडा ह्यांच्या फटीतनं उजेड दिसला की परत कानस. मधोमध उजेड दिसला तर कडा उंच राहिल्यात, दोन्ही कडांना दिसला तर हात डुलतोय. मुलगा स्वतःच बघतो, स्वतःच दुरुस्त करतो, निदेशकानं काही बोलायची गरज पडत नाही. आणि ज्या दिवशी उजेड दिसत नाही त्या दिवशी तो मुलगा आपला तुकडा शेजारच्या बेंचवर नेऊन दाखवतो. दहावीला ४५ टक्के पडलेली, शाळेत मागच्या बाकावर बसवलेली मुलं मी त्या खिडकीपाशी ताठ मानेनं उभी राहिलेली पाहिली आहेत, म्हणून "नापासांचं ठिकाण" हे शब्द मला फार लागतात. ज्यांनी हे शब्द वापरले त्यांच्यावर राग नाही, त्यांना आत नेऊन कुणी दाखवलेलंच नाही.

म्हणून माझा सल्ला, फॉर्म भरायच्या आधी वडलांना घेऊन स्वतः जा, आणि ऑफिसमध्ये नाही, वर्कशॉपमध्ये जा, परवानगी मागितली की सहसा देतात. सकाळी प्रात्यक्षिकाच्या वेळेत जा. लेथच्या ट्रेमध्ये ताज्या चिप्स आहेत का बघा, मशीन चालू असतात का नुसत्या पुसून ठेवलेल्या असतात ते त्यावरनं कळतं. टूल स्टोअर उघडं आहे का, मुलांना टूल हातात मिळतात का. मुलांच्या बेंचवर अर्धवट जॉब दिसतात का. वीजतंत्रीच्या विभागात वायरिंगचे बोर्ड परत परत जोडलेले सोडलेले दिसले पाहिजेत, भिंतीवर रंगवून टांगलेले नुसते नमुने असतील तर विचार करा. आणि निदेशकाच्या जागा भरलेल्या आहेत का हे स्पष्ट विचारा. इमारत केवढी आणि गेट केवढं ह्याच्यानं काही शिकायला मिळत नाही.

वहिनींसाठी, आयटीआयला कमीत कमी वय १४ आहे, कमाल वयाची अट नाही. ३१ वर्षांच्या बाई सरळ अर्ज करू शकतात. महिलांसाठी जागा राखीव असतात. शिवणकामाचा ट्रेड, सुईंग टेक्नॉलॉजी, एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी पास पुरते. पण तो पूर्ण दिवसाचा आहे, लहान पोरं असताना ते जमेल का हे घरातल्यांनी बसून ठरवायला पाहिजे. ह्या बाबतीत इथल्या भगिनी जास्त चांगलं सांगतील.

शिलाई_वडगाव

मी सांगते, कारण मी वहिनींच्या जागी होते.

पहिलं तर, भाऊजी, तुम्ही वहिनींचा प्रश्न इथं घेऊन आलात हे लई चांगलं केलंत. आमच्याकडं कुणी विचारायलासुद्धा तयार नव्हतं. आता ऐका.

घरगुती मशीनवर ब्लाऊज शिवणं आणि शिवणकाम शिकणं ह्यात फरक आहे हे मला शिकायला गेल्यावर कळलं. आपण घरी जुना ब्लाऊज उसवून त्याच्यावरनं कापतो, कटोरी कुठं बसते, मुंढा कुठनं वळवायचा हे सगळं अंदाजानं. तिथं पहिल्यांदा माप घ्यायला शिकवलं, मग कागदावर ड्राफ्ट, आणि मग कापडाला कात्री. एकदा ड्राफ्ट जमला की समोर कुठल्याही अंगाची बाई येऊ दे, घाबरायला होत नाही. आणि इंडस्ट्रियल मशीन, म्हणजे पॉवरवर चालणारं जुकीसारखं, त्याच्यावर पहिल्या दिवशी पाय ठेवला की मशीन पळतंच सुटतं, कापड हातातनं जातं. आठवड्यात पाय हलका होतो. हा पाय ज्याला जमला त्याला गारमेंटच्या युनिटमध्ये काम मिळतं, आमच्या इचलकरंजी पट्ट्यात तर विचारतच येतात.

आता वहिनींसाठी दोन वाटा आहेत. एक आयटीआयचा वर्षाचा कोर्स, सरांनी सांगितला तो. सर्टिफिकेट मोठं आहे, पुढं कुठं शिकवायला जायचं असलं, सरकारी काही करायचं असलं तर तेच पाहिजे. पण रोज सकाळी एसटी पकडायची, संध्याकाळी परत, मधी पोरांचं कोण बघणार, आजारी पडली तर कोण, हे आधी सासूबाईंशी आणि भावाशी मोकळेपणानं बोलून घ्या. नंतर बघू म्हणून गेलेल्या माझ्या दोन मैत्रिणींनी मधीच सोडलं, त्यांचं शिकण्यात काही कमी नव्हतं, घरातनं हात मिळाला नाही.

दुसरी वाट म्हणजे आरसेटी, ग्रामीण लोकांना स्वतःचा धंदा शिकवणारी बँकेची संस्था. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया, त्यांची स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था आहे कोल्हापुरात. ग्रामीण भागातल्या लोकांसाठी, शिक्षण फुकट, जेवण फुकट, राहायची पण सोय असते. कोर्स थोड्या दिवसांचे, शिवणकाम, ब्युटी पार्लर, शेळीपालन, दुग्धव्यवसाय, मसाले पापड असले. नुसतं शिवण शिकवत नाहीत, हिशोब कसा ठेवायचा, एका ब्लाऊजला दोरा अस्तर हूक वीज धरून खर्च किती आणि आपली मजुरी किती, बँकेत अर्ज कसा करायचा, हे पण शिकवतात. मला तर ह्याचाच जास्त उपयोग झाला. आपण बायका मजुरी धरतच नाही कधी. आणि कोर्स झाल्यावर दोन वर्षं ते मागोवा घेतात, फोन येतो, काय चाललंय, कर्ज मिळालं का. ही आरसेटीची पद्धत मुळात कर्नाटकातल्या धर्मस्थळ इथनं आली, तिथं जवळच उजिरेला १९८२ साली पहिली संस्था सुरू झाली होती, मग सगळ्या जिल्ह्यात बँकांनी काढल्या.

शिवाय विश्वकर्मा योजना, २०२३ ला सुरू झालेली. त्यात शिंपी आहेत, चांभार, सोनार, सुतार, गवंडी, लोहार धरून १८ व्यवसाय आहेत. ट्रेनिंगचे दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर, आणि ५ टक्क्यानं कर्ज, पहिलं एक लाखापर्यंत. पण त्यात घरातल्या एकालाच मिळतं आणि आधीपासून ते काम करणाऱ्यालाच. वहिनी गावात शिवतात म्हणजे बसतंय त्यात. ग्रामपंचायतीत किंवा सीएससी सेंटरला विचारा.

मी माझ्यापुरतं सांगायचं तर लहान पोरं असताना आरसेटी आधी, आणि धाकटं शाळेत जायला लागल्यावर आयटीआय. एक झालं की दुसरं नाही असं काही नाही. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

सांगावकर

मी जरा वेगळं बोलणार आहे, कुणी वाईट वाटून घेऊ नका.

मी आयटीआयच केलंय, फिटर, पण प्रायव्हेट. नाव घेत नाही. तिथं लेथ होत्या चार, त्यातली एक चालायची, बाकीच्यांवर कापड टाकलेलं असायचं आणि तपासणी आली की कापड काढायचे. निदेशक दोन ट्रेडला मिळून एक. हजेरी कागदावर भरायची, फी मात्र वेळेवर. दोन वर्षं गेली, सर्टिफिकेट मिळालं, पण वर शिरोलीवाल्यांनी सांगितलेलं ते व्हर्नियर माझ्या हातात नीट पहिल्यांदा कंपनीतच आलं. त्यानंतर अप्रेंटिसला, म्हणजे कंपनीत उमेदवारीला लागलो तर तिथं पण सहा महिने फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, उभं केलं आणि गाड्या भरायला लावल्या, शिकवलं काहीच नाही. पगार म्हणून जे मिळायचं त्यात गाडीचं पेट्रोल आणि खानावळ निघायची. जे शिकलो ते पुढच्या कंपनीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं शिकवलं म्हणून, त्या माणसाला मी आयुष्यभर विसरणार नाही.

तेव्हा आयटीआय म्हणजे सगळीकडं सोनंच असं चित्र रंगवू नका. तिथं जाणारी पोरं गरीब घरची असतात, त्यांची दोन वर्षं वाया गेली तर परत कोण देणार. वडील डिप्लोमा म्हणतात त्यात पोराची काळजीच आहे.

शिरोलीवाला

सांगावकर, तुम्ही जे लिहिलंय त्यातलं एक अक्षर पण खोटं नाही, असल्या जागा आहेत आणि त्यांच्यामुळं चांगल्या आयटीआयचं पण नाव खराब होतंय, ह्याची मला चीड आहे. म्हणून तर सर म्हणतात आधी वर्कशॉप बघा. संस्थेला आणि त्या ट्रेडला एनसीव्हीटीची, म्हणजे केंद्र सरकारची, मान्यता आहे का ते सरकारी पोर्टलवर बघता येतं, तेवढं बघितल्याशिवाय कुठं पैसे भरू नका. सरकारी ठिकाणी जागा मिळत असेल तर सरकारीच घ्यायचं, फी पण नगण्य.

अप्रेंटिसचं जरा सगळ्यांसाठी सांगतो. १९६१ चा कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्क्यांच्या मधे. २०१९ च्या नियमात आयटीआयवाल्याला कमीत कमी ७,००० महिना धरलाय, त्याच्या वर द्यायला कुणी अडवलेलं नाही. पण खरी गोष्ट म्हणजे करार. सरकारी पोर्टलवर तुमच्या नावाचा करार झाला पाहिजे, त्यात ट्रेड लिहिलेला असतो. वीजतंत्रीचा करार असेल आणि गाड्या भरायला लावत असतील तर सांगायला तुमच्याकडं कागद असतो. करार न करता "ट्रेनी" म्हणून घेतात तिथं कायद्याचा काही आधार राहत नाही. आणि शेवटी परीक्षा देऊन अप्रेंटिसचं वेगळं राष्ट्रीय सर्टिफिकेट मिळतं, ते घेतल्याशिवाय सोडू नका, पोरं कंटाळून परीक्षाच देत नाहीत.

आमच्याकडं अप्रेंटिसला तीन तीन महिन्यांनी सेक्शन बदलून देतो. सगळे देत नाहीत हे खरं आहे, आणि ते बदलायला पाहिजे, त्याबद्दल आम्ही कारखान्यात बसलेल्या लोकांनीच बोललं पाहिजे.

तारतंत्री_गडहिंग्लज

सगळं वाचलं, थोडक्यात लिहिते. मी मुलगी आहे आणि वीजतंत्री केलंय. आमच्या तुकडीत मुली थोड्याच होतो. पहिल्या महिन्यात खांबावर चढायचं प्रात्यक्षिक होतं तेव्हा बाकीचे बघत उभे राहिले होते, नंतर कुणी बघायचं बंद झालं.

भोगावतीकाठ दादा, भावाला हे सांगा की कंपनी हीच एक वाट नाही. आयटीआयचं सर्टिफिकेट असलं की वायरमनचा परवाना काढता येतो, अनुभव वाढला की सुपरवायझर आणि पुढं ठेकेदाराचं लायसन्स. बिनपरवान्याचा माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्या सहीनं मीटर मिळत नाही. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला पण वीजतंत्री किंवा तारतंत्रीचंच (वायरमन ट्रेडचं) सर्टिफिकेट मागतात, रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला पण आयटीआय चालतं. आणि आता घरांवर सोलर बसवायलेत, शेतात सोलर पंप आलेत, आमच्या भागात ते बसवणारी माणसं कमी आणि मागणी जास्त आहे.

सेफ्टी मात्र मनावर घ्यायला सांगा त्याला. घरी हात चालतो म्हणून लाइन बंद न करता हात घालायची सवय लागलेली पोरं असतात, ती आधी मोडायला लागते. आमच्या सरांनी पहिल्या दिवशी टेस्टर हातात देऊन सांगितलं होतं, आधी चालू लाइनवर टेस्टर तपास, मग बंद लाइनवर लाव, मग परत चालू लाइनवर तपास. कारण टेस्टरच बिघडला असेल तर तो लाइन बंद आहे असंच सांगणार. मी अजून तसंच करते.

भोगावतीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. वडलांना कालच सगळं वाचून दाखवलं. सांगावकरांचं वाचल्यावर म्हणाले, हा माणूस खरं बोलतोय. मग सरांचं ते उजेडाचं वाचलं तेव्हा गप्प झाले, त्यांनी स्वतः शाहू मिलमध्ये काम करणारी माणसं बघितलीत, आमचे आजोबाच होते तिथं, १९०६ साली महाराजांनी मिल काढली ती कारागिरांना काम मिळावं म्हणूनच की, असं तेच म्हणाले. सोमवारी सकाळी कळंब्याला जाऊन वर्कशॉप बघायचं ठरलंय, वडील, भाऊ आणि मी. आणि वहिनी पण येणार आहेत, परत येताना बँकेच्या त्या ट्रेनिंगची चौकशी करायची. आई म्हणाली पोरांना मी बघते, तुम्ही जाऊन या.

सर, एकच विचारायचं राहिलं. फॉर्म भरताना पर्याय कसे टाकायचे? मित्र म्हणतोय सगळीकडचे सगळे ट्रेड टाकून दे, कुठंतरी लागेल.

निवृत्त_निदेशक

तसं अजिबात करू नका. प्रवेश केंद्रीय पद्धतीनं ऑनलाइन होतो, गुणवत्ता यादीप्रमाणे फेऱ्या लागतात. पहिल्या क्रमांकावर जो पर्याय टाकाल तो मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतनं बाहेर जाता. तेव्हा पहिला पर्याय म्हणजे भावाला खरोखर पाहिजे ती संस्था आणि तो ट्रेड. वीजतंत्रीला गर्दी असते, ५८ टक्क्यांना कळंब्याला पहिल्या फेरीत मिळेलच असं नाही, म्हणून त्याच्याखाली तारतंत्री, आणि जवळच्या तालुक्याच्या सरकारी आयटीआयचे वीजतंत्री असे क्रमानं टाका. राधानगरी रोडला राहता तर तिकडची पण बघून ठेवा, एसटीचं अंतर सारखंच पडेल. जिथं रोज जाणं जमणार नाही ते ठिकाण यादीत नकोच.

सोमवारी जाताना दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, आणि लागू असेल तर नॉन क्रिमीलेयर, ह्यांच्या झेरॉक्स घेऊन जा. नॉन क्रिमीलेयरची मुदत आत्ताच बघा, दरवर्षी मुलं ह्याच एका कागदावर अडकतात आणि तहसीलला त्या दिवसांत रांगा असतात, मुदत संपली असेल तर सोमवारची वाट न बघता आजच सेतूत अर्ज टाका. वहिनींचा बारावीचा आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा, म्हणजे राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला, तो पण सोबत असू दे.